कावीळ, माळ आणि यकृतातले पहारेकरी



चौथीच्या वर्गात दूषित पाण्याचे आजार शिकवत होते. कावीळ शब्द आला आणि एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माझ्या पप्पांची कावीळ जातच नाही." त्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला होता. दुसऱ्या दिवशी दोन पालक गेटवर हजर. "मॅडम, त्या पोराला वेगळं बसवा." आणि मी बसवलं. चार दिवस.

आपल्या लोणखेडा-शहादा भागात कावीळ म्हटलं की माळ आणि जडीबुटी. पावसाळ्यातली कावीळ बहुतेकदा दूषित पाण्याची, ए किंवा ई प्रकारची. ती बहुतेकांची आपोआप उतरते, श्रेय माळेला जातं. बी प्रकार रक्तातून, शारीरिक संबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. जत्रेत एकाच सुईने सगळ्यांना गोंदतात, तिथेही धोका आहेच. एका बाकावर बसून किंवा एका डब्यात जेवून तो पसरत नाही. हे मी आधी वाचायला हवं होतं.

तो वर्षानुवर्षे टिकतो कसा? यकृतात कुप्फर पेशी नावाचे जन्मजात पहारेकरी असतात. आतड्यातलं रक्त आधी यकृतात येतं, त्यात जंतूंचे तुकडे असतातच. प्रत्येकावर आरडाओरड केली तर यकृतच सुजेल, म्हणून या पेशींना सबुरीची सवय. नॅचरल किलर पेशीही तिथे भरपूर. पण बीचा विषाणू यकृतपेशीच्या केंद्रकात गुपचूप घर करतो, धोक्याची घंटा जवळजवळ वाजतच नाही. पुढे लढाई पेटली तरी अर्धवट. गंमत म्हणजे विषाणू स्वतः पेशी फारशा मारत नाही, आपलेच सैनिक मारतात. त्यातून वण, मग सिरोसिस.

नवजात बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची. जन्मावेळी लागण झालेल्या 100 बाळांपैकी सुमारे 90 जणांत आजार कायमचा राहतो, मोठ्या माणसांत 5 पेक्षा कमी. म्हणून लस 24 तासांच्या आत, मग 6, 10 आणि 14 आठवड्यांना पेंटाव्हॅलंट. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत आहेत.

पाचव्या दिवशी त्याला जुन्या बाकावर बसवलं. त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी सगळ्यांसमोर खाल्ली. मग आईकडून लसीचं कार्ड मागवलं. जन्म घरी झालेला, पहिला रकाना कोरा, पुढचे तीन भरलेले. आई आणि मुलगा, दोघांची तपासणी करून घ्यायला सांगितलंय. रिपोर्ट अजून यायचाय.