मागचा हात सोडा!

मैत्रिणींनो, चव्वेचाळिसाव्या वर्षी मी रबरी पोशाख चढवून पाण्यात उतरले, हसू नका हं! यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही हॉलंडात असतो. तिथे 1971 साली पुरा झालेला ब्राउवर्सडॅम हा समुद्र अडवणारा बांध आहे. आतल्या खाऱ्या तळ्यावर वारा मुबलक. ‘विंग फॉइलिंग’ शिकते म्हटल्यावर चिरंजीव म्हणाले, “आई, तुला सायकल तरी येते का?”

हातात हवा भरलेला पंख, पायाखाली फळी आणि फळीखाली, पाण्यात, छोट्या विमानासारखं पातं. वेग आला की फळी पाण्यावर उचलली जाते. (फळी मोठीच घ्यावी. आपल्या वजनाच्या किलोंत 30-40 मिळवा, तितक्या लिटरची.) तीन दिवस मी गुडघ्यांवरच! वारा आला की घाबरून पंख घट्ट धरायचा आणि त्याने तितकंच जोरात ओढायचं. शिकवणारी ओरडायची, “मागचा हात सोड!” तो सोडला की पंख निमूट होतो. पण हातातलं सोडायची सवय आपल्याला कुठली, बाई!

चौथ्या दिवशी वाऱ्याने लांब नेलं. फळी ओढत काठाने परत आले, तर यजमान चहाचा थर्मास घेऊन उभे. हसले नाहीत.

परवा फळी उचलली. खालची खळखळ एकदम थांबली. दोनच क्षण, मग धपकन पाण्यात! चिरंजीव नेमके तेव्हा घरी झोपलेले.