डाव्या दाराचा वारा

रात्री तीनला पिकअप अंगणातून बाहेर काढायची. मागे वांग्यांचे क्रेट, हिरव्या मिरचीची पोती, वर ताडपत्री, आणि माझ्या डाव्या हाताला बाबा. नगरधनच्या वाटेवर आमचं शेत आहे. तिथला माल आठवड्यातून दोनदा नागपूरला कळमना बाजारात जातो. रामटेकहून मनसर, तिथून हायवे, मग आमडी फाटा, कन्हान, कामठी. पन्नासेक किलोमीटरची वाट. बाबांचं वय बहात्तर. अडत्याशी हिशेब मी करतो, पण पोतं उघडून हात घालताच आज भाव काय लागेल हे ओळखणारे तेच.

त्या तासाभरात आमचं बोलणं व्हायचं. घरी ते होत नाही. घरी मी शेतात, ते ओसरीवर, मध्ये नातवंडं आणि टीव्ही. गाडीत मात्र बाबा मोकळे होत. बांधाचा जुना वाद कसा मिटला, आजीने विहिरीसाठी कोणता दागिना मोडला, त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला बैलगाड्यांची रांग कुठवर लागायची, हे सगळं मी हायवेवर, अंधारात, समोरच्या दिव्यांकडे बघत ऐकलेलं आहे.

मागच्या दिवाळीनंतर ते बोलणं हळूहळू आटलं. मी काही विचारलं की बाबा "हं" म्हणत. दोनदा विचारलं की मान हलवत. पुढे मीही विचारणं सोडलं. वय झालं, असं मी मनाशी धरलं. नागपुरात कान तपासले. डॉक्टरांनी आलेख समोर ठेवून समजावलं की वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, त, क ही व्यंजनं त्याच पट्टीतली. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. त्यात बाजूला सुसाट्यासारखा आवाज असला तर उरलेली व्यंजनंही त्याखाली बुडतात. मी मान डोलावली, पण यातला बाजूचा आवाज कोणता, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

ते आलं फाल्गुनातल्या एका पहाटे. कन्हानच्या पुलाआधी ट्रक अडकले होते. गाडी थांबली आणि बाबा आपणहून बोलायला लागले. मिरचीवरच्या बोकड्या रोगाबद्दल, फवारणीबद्दल, चांगलं दहा मिनिटं. मग वाट मोकळी झाली. काटा साठच्या वर गेला तसे ते वाक्य अर्ध्यात सोडून गप्प झाले आणि खिडकीकडे बघत बसले. तेव्हा मी पहिल्यांदा गाडीचा आवाज नीट ऐकला. इंजिनाचा नव्हे. डावीकडून, बाबांच्या कानाशी, एक लांब सुसाटा चालू होता आणि त्याच्या वर एक बारीक शिट्टी. रोज त्यात बसून माझा कान मेला होता.

त्याच आठवड्यात मी खटपट सुरू केली. ज्याला विचारावं त्याच्याकडे उत्तर तयार होतं. समोरची काच काही महिन्यांपूर्वी गिट्टीच्या ट्रकमागे फुटली होती, नवीन बसवली होती. सगळ्यांनी तिलाच धरलं. एकाने सिलिकॉनची ट्यूब घेऊन सगळ्या फटी भरून टाकायला सांगितलं. मनसर रोडवरचे आमचे डेंटिंगवाले मिस्त्री तेवढे निराळे निघाले. त्यांनी गाडीला हातही लावला नाही.

"शिट्टी येऊन राहिली का सुसाटा, हे आधी सांगा भाऊ. अन् किती स्पीडला?"

मी सांगितलं, दोन्ही. सुसाटा पंचावन्नच्या पुढे, शिट्टी सत्तरला.

"म्हणजे दोन जागा आहेत. अंदाजानं रबर बदलाल तर पैसे जातीन, आवाज राहीन."

सिलिकॉनचं ऐकून ते जवळजवळ रागावलेच. दाराच्या खालच्या कडेला भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर जातं. ती बुजली की पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून सडतो. आवाज बंद करायच्या घाईत लोक हीच भोकं बुजवतात, असं ते म्हणाले.

माझा भाचा रामटेकच्या किट्स कॉलेजात मेकॅनिकलला आहे. रविवारी तो, मी आणि मिस्त्री असे तिघे निघालो. आधी उभ्या गाडीच्या तपासण्या केल्या. दाराच्या फटीत दहाची नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. सैल निघाली तर तिथे रबर बसत नाही. आमची नोट चहूकडे अडकली. रात्री आत टॉर्च लावून बाहेरून पाहिलं, कुठून उजेड आला नाही. बाहेरून पाणी मारलं, आत थेंब नाही. अंगणात उभी असताना गाडीत काहीच दोष नव्हता.

मग मिस्त्रींनी मास्किंग टेप काढली. बॉनेटची फट, समोरच्या काचेची कड, दोन्ही आरसे, डाव्या दाराच्या कडा, सगळं टेपने बंद केलं. डावं दार असं बंद झालं की बाबांच्या जागी बसायला भाच्याला ड्रायव्हरच्या दारातून आत शिरावं लागलं. मनसरहून देवलापारच्या दिशेने हायवेला लागलो, ऐंशी गाठली. आत फक्त इंजिन आणि टायर. त्या शांततेने मला धक्काच बसला. मी आणि भाचा साध्या आवाजात बोलत होतो.

त्यानंतर एका वेळी एकच टेप काढायची आणि तेवढाच रस्ता तेवढ्याच वेगाने पुन्हा धावायचा. परतताना वारा उलट्या बाजूचा होतो, म्हणून जाणं आणि येणं दोन्ही ऐकायचं. समोरच्या काचेची टेप काढली, काही बदललं नाही. ज्या काचेला सगळे दोष देत होते ती निर्दोष सुटली. डाव्या आरशाच्या बुडाची टेप काढली आणि सत्तरला ती बारीक शिट्टी परत आली. आरसा एकदा गोठ्याच्या खांबाला लागून बदलला होता. नवा बसवताना बुडाखालची फोमची चकती राहून गेली होती आणि तिथे सुरीच्या पात्याएवढी फट होती. बासरीत फुंकर धारेवर आपटून सूर निघतो, तसंच वारा त्या फटीच्या काठावर आपटून वाजत होता. चकती घातली, शिट्टी मिटली.

सुसाटा शेवटी सापडला. डाव्या दाराची वरची कड, मागचा कोपरा. बाबांच्या कानापासून वीतभर. पण तिथे तर नोट अडकली होती!

इथे भाच्याचं शिक्षण कामी आलं. गाडी धावते तेव्हा समोरच्या काचेच्या कडेला असलेल्या पुढच्या खांबाला वळसा घालून हवा वेगाने दाराच्या काचेवरून जाते आणि तिथला दाब आतल्यापेक्षा कमी होतो. ऐंशीच्या वेगाला हवेचा जोर चौरस मीटरला साधारण तीस किलो वजनाइतका असतो. दाराच्या वरच्या अर्ध्या भागावर काही किलोंची ओढ बाहेरच्या बाजूला बसते. त्या भागाला खाली बिजागरी आणि कुलूप आहे, वर काहीच नाही, नुसती पत्र्याची चौकट. ती केसभर बाहेर सरकली आणि रबर आधीच जेमतेम टेकलेलं असलं, तर फट उघडते. गाडी थांबली की फटही मिटते. म्हणून अंगणात ती सापडत नव्हती. आणि वेग थोडा वाढला तरी आवाज एवढा का वाढतो, तेही त्याने सांगितलं. वाऱ्याच्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. पन्नासवरून ऐंशीवर गेलो की वेग दुप्पटही होत नाही, पण आवाजाची शक्ती सोळा-सतरा पट होते.

मला हे डोळ्यांनी बघायचं होतं. घरून लोकर आणली. बोटभर लांबीचे तुकडे दाराच्या वरच्या कडेला आतून ओळीने चिकटवले. भाचा गाडी चालवत होता, मी बाबांच्या जागी बसलो, गवंड्याच्या लेव्हल पाइपचा हातभर तुकडा कानाला लावून. पन्नासपर्यंत सगळे धागे सरळ लोंबत होते. साठला मागच्या कोपऱ्यातले तीन धागे थरथरले. पंच्याहत्तरला ते आडवे होऊन फटीत ओढले गेले, जणू बाहेरून कोणी चिमटीत धरले होते. पाइपचं दुसरं टोक तिथे नेलं की कानात सुसाटा भरायचा, चार बोटं पुढे सरकवलं की ओसरायचा. महिनोनमहिने बाबांच्या कानाशी काय चाललं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

किती फरक आहे हे मोजायला मिस्त्रींनी कणिक मागितली. सुपारीएवढे गोळे करून दोन्ही दारांच्या वरच्या कडेला सारख्याच जागी ठेवले, दारं लावली, उघडली. चपटे झालेले गोळे पट्टीवर मोजले. उजव्या दाराचा नऊ मिलिमीटर, डाव्याचा बारा. तीन मिलिमीटरने चौकट बाहेर झुकलेली होती. रबर टेकत होतं, दबत नव्हतं.

"वाकली कशानं?" मी विचारलं.

मिस्त्रींनी फडक्याने चौकटीचा वरचा कोपरा पुसला. दाराचा बाकी रंग धुळीने मळकट, पण तिथे तळहाताएवढी जागा काचेसारखी चकचकीत झाली होती. कडेचा रंग झिजून खालचा करडा प्रायमर दिसत होता.

"इथं रोज कोनी तरी लोंबते, भाऊ."

मला पुढचं ऐकावं लागलं नाही. गुडघे दुखायला लागल्यापासून बाबा असेच चढतात. उघड्या दाराची वरची कड डाव्या हाताने पकडायची, सगळा भार त्यावर टाकायचा आणि स्वतःला वर ओढायचं. अंधारात, तीन वाजता, मी पलीकडे इंजिन चालू करत असे. मी त्यांना चढताना कधी पाहिलंच नव्हतं. मला त्यांचा कान दिसला, वय दिसलं. त्यांचे गुडघे आणि माझ्या गाडीची उंची दिसली नाही.

चौकट सरळ करण्याचं काम अर्ध्या तासाचं होतं. कुलपाच्या थोडं वर, दार आणि मागचा खांब यांच्यामध्ये गोणपाटात गुंडाळलेला लाकडी ठोकळा धरला आणि वरची चौकट दोन्ही हातांनी आत रेटली. थोडं रेटायचं, पुन्हा कणकेचा गोळा ठेवायचा, पुन्हा मोजायचं. पत्रा जास्त वाकला तर दार लागताना घासतं, म्हणून घाई नाही. चौथ्या खेपेला गोळा नऊवर आला. रबर वर्षानुवर्षं दबून चपटं झालं होतं, ते नवीन टाकलं. त्यावर जरा पावडर चोळली, म्हणजे उन्हात चिकटत नाही आणि किरकिरत नाही.

पण एवढ्यावर सोडलं असतं तर वर्षभरात चौकट पुन्हा वाकली असती. म्हणून दाराखाली पायदान वेल्डिंग करून घेतलं, जमिनीपासून एका पायरीच्या उंचीवर. आणि आत, पुढच्या खांबाला, बसमध्ये असतो तसा दांडा बसवला, पत्र्याला आतून पट्टी देऊन, म्हणजे पूर्ण भार पेलेल. बाबांना मी वाकलेल्या चौकटीबद्दल काही बोललो नाही. आपल्यामुळे गाडीचं नुकसान झालं हे कळलं असतं तर ते बाजाराला येणंच बंद करते. मी एवढंच म्हणालो, "बाबा, आता हा दांडा धरत जा, पाय इथं ठेवा." त्या पहाटे मी आधी इंजिन चालू केलं नाही. त्यांच्या बाजूला उभा राहिलो. ते पायदानावर चढले, दांडा धरला आणि एका दमात सीटवर बसले.

मनसर मागे पडलं. काटा सत्तरला टेकला. मी कान देऊन ऐकत होतो. टायरचा आवाज, ताडपत्रीच्या दोरीची फडफड, इंजिन. डावीकडे काही नाही. बाबाही काही बोलत नव्हते, आणि मला वाटलं, कदाचित खरंच कानच गेले असतील, मी उगाच दारामागे लागलो. आमडी फाट्याशी एका ट्रकला ओलांडून मी परत आपल्या लेनमध्ये आलो.

"अरे बेटा," बाबा समोर बघतच म्हणाले, "इंडिकेटर चालूच राहिला ना तुया. केव्हाचा टिकटिक करून राहिला."

मी इंडिकेटर बंद केला. मग त्यांनी मिरचीचं ते अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सुरू केलं, आणि कामठी येईपर्यंत ते संपलं नाही.