जामखेडला भेटलेला चेंडू

"जामखेडला कशाला चाललात?" असे नगरच्या एस. टी. स्टँडवर ज्याने त्याने मला विचारले, आणि ज्याला त्याला मी "खर्ड्याचा किल्ला पाहायला" असे उत्तर दिले. उत्तर खरेच होते. १७९५ साली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला ती खर्ड्याची लढाई आमच्या पिढीने सनासकट घोकलेली. ते रणांगण एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढाच माफक हेतू. पण प्रवासाची रीतच अशी, की माणूस एक पाहायला जातो आणि दुसरेच घेऊन घरी येतो. मी किल्ला पाहायला गेलो आणि फुटबॉल घेऊन आलो.

नगरहून जामखेड सुमारे ७५ किलोमीटर. गंमत अशी की, या जिल्ह्यातल्या तालुक्याला जायचे तर गाडी मध्येच बीड जिल्ह्यात शिरते, कडा आणि आष्टी ही गावे मागे टाकते आणि मग पुन्हा स्वगृही येते. इंग्रजी अमलात या तालुक्याची गावे निजामाच्या मुलखात इकडेतिकडे विखुरलेली होती. त्या जुन्या सरहद्दींची ही आठवण. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. ज्यांच्या नावावरून ते झाले त्या अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यातले. पौषाचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी हुरड्यावर आली होती आणि तिच्यामागे बालाघाटच्या काळ्या, उघड्या टेकड्या उन्हात पाठ शेकत बसल्या होत्या.

खर्ड्याचा निंबाळकरांचा किल्ला पाहिला, तटावर बसून डबा खाल्ला, सनावळी मनातल्या मनात म्हणून घेतली. संध्याकाळी जामखेडला परतलो, तेव्हा माझे तिथले स्नेही, निवृत्त शिक्षक, म्हणाले, "सव्वादोनशे वर्षांपूर्वीची लढाई पाहिलीत; आता पन्नास वर्षांपूर्वीची दाखवतो. सकाळी लवकर उठा."

ही दुसरी लढाई डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याची. वेल्लोरला शिकलेले आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून आलेले हे दोघे १९७० साली या दुष्काळी गावात येऊन राहिले. खेड्यातल्या, बहुधा निरक्षर, बायांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले आणि बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंतची कामे त्यांच्या हाती सोपवली. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. आता जगभरातून विद्यार्थी तिथे शिकायला येतात. अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकलेले ज्ञान जामखेडला आले आणि आता जामखेडचे ज्ञान शिकायला परदेशी माणसे येतात, अशी ही उलटी गंगा.

सकाळी आम्ही पोहोचलो तो जवळच्या मोकळ्या जागेत गावातली पाचसहा पोरे फुटबॉल खेळत होती आणि त्यांच्यात एक उंच, सावळा परदेशी तरुण घामाघूम होऊन धावत होता. अंगात निळा शर्ट, छातीवर सोनेरी जनावराचे तोंड. खेळ थांबल्यावर तो पाणी प्यायला आमच्याकडे आला. मी विचारले, "वाघ का हा?"

"प्यूमा," तो हसून म्हणाला. "माझ्या विद्यापीठाचा संघ."

मी समजलो, कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला असेल. तसे बोललोही. त्या मेक्सिकन डॉक्टराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की पंढरपुरात जाऊन 'विठोबाचे एखादे लहानसे देऊळ आहे ना इथे?' असे मी विचारले असावे. मग लिंबाच्या सावलीत बसून त्याने इंग्रजीत जी हकिगत सांगितली ती अशी.

मेक्सिको शहरात तिथले राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठ आहे. १९५४ साली त्याचा संघ व्यावसायिक फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीत उतरला. पगार घेऊन खेळणाऱ्या, कसलेल्या संघांशी विद्यार्थ्यांची गाठ! पण १९६२ साली हा संघ पहिल्या श्रेणीत चढला. १९७७ साली त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि अंतिम सामन्यात समोर कोण, तर ग्वादलाहाराच्या विद्यापीठाचा संघ. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी; त्या खेपेला मात्र नुएवो लेओनच्या विद्यापीठाने प्यूमांना हरवले. सगळ्या देशाचे डोळे ज्या सामन्यावर, तो दोन वर्षे लागोपाठ विद्यापीठा-विद्यापीठांत!

"मैदान कसे आहे?" मी विचारले.

त्याने पायाखालचा काळा दगड उचलला. "असल्याच दगडावर आहे." ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्ह्यावर त्यांनी विद्यापीठ वसवले. १९५२ साली उघडलेले तिथले स्टेडियमही ज्वालामुखीच्या मुखासारखे खोलगट आहे, आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने रंगीबेरंगी दगडांचे उठावचित्र केले आहे. १९६८ च्या ऑलिंपिकचे ते मुख्य मैदान. बालाघाटही लाव्ह्याचाच! दोन टोकांचे दोन काळे दगड मला उगाचच एकमेकांचे चुलतभाऊ वाटू लागले.

"आणि शिक्षणाचे काय?" माझ्यातला पालक जागा झाला. "पोरे खेळत बसली तर शिकणार कधी?"

"ऊगो सांचेझ ऐकलाय?" त्याने विचारले. ऊगो या संघात १९७६ च्या सुमारास आला आणि खेळता खेळता त्याच विद्यापीठात दंतवैद्यकही शिकला. पुढे स्पेनला गेला आणि तिथल्या लीगमध्ये पाच वेळा सर्वांत जास्त गोल केले, त्यांतले चार वेळा रेआल माद्रिदकडून. गोल झाला की कोलांटउडी मारायचा. ती त्याला ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या जिम्नॅस्ट बहिणीने शिकवलेली. पुढे तो आपल्याच संघाचा प्रशिक्षक होऊन परतला आणि २००४ या एका वर्षात दोन विजेतेपदे दिली. "दातांचा डॉक्टर!" तो तरुण पुन्हा म्हणाला. मी गप्प बसलो.

सगळेच गोड नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. पैसा आला की विद्यापीठाची पकड सुटते. चिले देशातल्या विद्यापीठाचा नावाजलेला संघ १९८० साली विद्यापीठापासून वेगळा झाला. नाव तेवढे उरले. नुएवो लेओनचा संघ १९९६ पासून एक सिमेंट कंपनी चालवू लागली. तरी एक्वादोरच्या कीतो शहरातला, विद्यापीठातून निघालेला संघ २००८ साली अख्ख्या दक्षिण अमेरिकेचा विजेता झालाच. "पण आमच्याकडे," तो म्हणाला, "जो माणूस जन्मात कधी विद्यापीठाची पायरी चढला नाही, तोसुद्धा रविवारी हा निळा शर्ट घालून येतो. विद्यापीठ आपले आहे, असे त्याला त्या दोन तासांत वाटते."

मला आपल्याकडचे आठवू लागले. आपल्याकडे आंतरविद्यापीठ फुटबॉल आहे. सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाची ढाल १९४१ पासून चालू आहे. पण स्पर्धा संपली की संघ पांगतो, आणि कोण जिंकले हे त्या विद्यापीठाच्या शिपायालाही ठाऊक नसते. महाराष्ट्रात फुटबॉल रक्तात भिनवला तो कोल्हापुरात, आणि तो तिथल्या तालमींनी. पाटाकडील तालमीचा सामना असला की शाहू स्टेडियमवर पेठेच्या पेठा लोटतात. विद्येच्या घराने जे करायचे ते कुस्तीच्या घराने केले!

आमचे बोलणे चालले असताना बाजूला एक म्हातारी बाई येऊन बसली होती. डोईवर पदर, हातात कापडी पिशवी. स्नेह्यांनी ओळख करून दिली: गावात पस्तीस वर्षे आरोग्याचे काम केलेल्या. त्यांनी चेंडूकडे बोट दाखवून विचारले, "काय म्हंतोय त्यो?" मी थोडक्यात सांगितले. त्या मनापासून हसल्या.

"आवं, मग त्यात नवं काय? आमच्याकडं बी आधी चेंडूच आला. डाक्टरसाहेबांनी गावात येऊन आधी व्हॉलीबॉलचं जाळं बांधलं. न्हाईतर ह्या आळीचा गडी त्या आळीच्या गड्याशेजारी उभा तरी ऱ्हायला असता का? खेळायला लागल्यावर कोण कोणाच्या जातीचा, कोण बघतंय? चेंडू पडाया नको, येवढंच. खेळ झाला की समदी तिथंच बसायची. मग पान्याचं बोलणं, बियाण्याचं बोलणं. त्याचंच पुढं शेतकरी मंडळ झालं, दादा. औषध लई मागनं आलं."

मी तिचे बोलणे त्या डॉक्टराला इंग्रजीत सांगितले. त्याने काही न बोलता तिच्यापुढे दोन्ही हात जोडले. कुठले मेक्सिकोचे प्रचंड विद्यापीठ आणि कुठले जामखेडजवळचे खेडे! पण दोन्हीकडे गोष्ट एकच होती. शहाणपण भिंतीच्या आत बसून राहिले की लोक त्याला लांबून नमस्कार करतात; ते चेंडू घेऊन मैदानात उतरले की लोक त्याला घरचे मानतात.

परतीच्या गाडीत मात्र मला काही केल्या चैन पडेना. वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी माळा असेल. आमच्याही घरी आहे. मुलगा दहावीत गेला त्या वर्षी मी त्याचा फुटबॉल त्या माळ्यावर टाकला आणि शिडी शेजाऱ्याकडे ठेवली. "परीक्षा झाली की काढू," असे म्हणालो होतो. मग बारावी आली, मग इंजिनिअरिंग आले, मग नोकरी. त्याने पुन्हा मागितला नाही, आणि न मागणे म्हणजे शहाणपण, असे मी समजत आलो. घरी जातायेताना त्याला मैदानावर पाहिले असेन. पण थांबून पाच मिनिटे खेळ पाहिल्याचे काही आठवेना.

घरी आल्यावर पहिल्यांदा शिडी आणली. चेंडू होता तिथेच होता. चामडे तडकलेले, हवा केव्हाच गेलेली. रात्री मुलाला फोन केला. खर्ड्याचे सांगितले, आरोळ्यांचे सांगितले, व्हॉलीबॉलच्या जाळ्याचे सांगितले, आणि त्या स्पेनमध्ये गोल करणाऱ्या दंतवैद्याचेही सांगितले. चेंडू खाली काढला, हे सर्वांत शेवटी सांगितले. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग त्याने विचारले,

"बाबा, तो डॉक्टर कोणत्या जागी खेळायचा?"

"पुढे. मध्यभागी. सेंटर फॉरवर्ड."

"मीपण," तो म्हणाला.

चार वर्षे माझा मुलगा शाळेच्या संघातून खेळला. तो कोणत्या जागी खेळत असे, हे मला त्या रात्री प्रथम कळले.