अर्धे माप

बंदुकीची पहिली लाथ मी घोडबंदर रस्त्यावर खाल्ली. ज्या रस्त्याच्या नावातच घोडा आहे तिथे लाथ बसली तर तक्रार कसली करायची, असे कोणी म्हणेल. वसईच्या खाडीकाठी पूर्वी घोड्यांचा व्यापार चाले म्हणून त्या गावाचे नाव घोडबंदर पडले, असे सांगतात. तिथला पोर्तुगीजांचा किल्ला मराठ्यांनी 1737 मध्ये घेतला, तेव्हा तोफाबंदुकांचा आवाज या भागाला काही नवा नाही. पण इतिहासाशी माझ्या लाथेचा काही संबंध नाही. ती 1964 सालची, घरगुती लाथ आहे.

माझे आजोळ या रस्त्यावरच्या ओवळ्याचे. आज जिथे तीस-तीस मजल्यांचे मनोरे उभे आहेत आणि मधोमध मेट्रोचे खांब आले आहेत, तिथे तेव्हा भाताची खाचरे होती. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर. भात पोटरीला आले की डोंगरातली रानडुकरे रात्री खाली उतरत आणि एका रात्रीत चार महिन्यांच्या घामाचा चिखल करीत. त्यासाठी आबांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे, परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. दिवाळीच्या सुटीत आम्ही गेलो की ती ओटीवरच्या खुंटीला टांगलेली दिसे, आणि फटाक्यांतले माझे सारे लक्ष उडून जाई.

ठासणीच्या बंदुकीचे सगळेच काम हाताचे असते. नळीच्या तोंडातून मापाने काळी दारू ओतायची, वरून चिंधी किंवा काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. शेवटी घोडा मागे ओढून खालच्या बोंडीवर केप बसवायची. आबांचे दारूचे माप म्हणजे बांबूच्या पेराचा एक लहानसा तुकडा. त्याच्या आत मधोमध चाकूने एक रेघ कोरलेली होती. ती कशासाठी, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

अकरा वर्षांचा होतो. आबा बाजाराला गेले होते. धाकट्या मामाला माझी हौस ठाऊक होती, आणि मामालोकांना भाच्याची हौस पुरवण्यात जो एक खट्याळ आनंद असतो तोही त्याच्यापाशी भरपूर होता. त्याने बार भरला. माप काठोकाठ भरून घेतले. मला बांधावर उभे केले, दस्ता खांद्याला लावून दिला, तोही खांद्यापासून दोन बोटे सुटा, आणि म्हणाला, "ओढ चाप. मर्द होशील."

मी चाप ओढला. पुढचे मला क्रमाने आठवत नाही. आवाज आधी आला की खांद्यावरचा तडाखा, हे आजही सांगता येणार नाही. मी खाचरात उताणा पडलो होतो, तोंडात दारूच्या धुराची आंबट चव होती आणि मामा पोट धरून हसत होता. खांदा आठ दिवस काळानिळा राहिला. तो रंग गेला, पण एक गोष्ट आत राहून गेली. कोणताही मोठा आवाज होणार असे वाटले की माझे डोळे आवाजाच्या आधीच मिटू लागले.

संध्याकाळी आबा आले. त्यांनी खांदा पाहिला, मामाकडे एकदाच पाहिले, आणि बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बंदुकीजवळ बोलावले. मी गेलो नाही. तेव्हा ते माझ्यापाशी येऊन बसले. म्हणाले, "आज बार नाही काढायचा. नुसता घोडा पाडायचा." रिकाम्या बंदुकीवर नुसती केप लावून, नळी बांधाच्या मातीकडे धरून त्यांनी मला चाप ओढायला लावले. टिकलीएवढा आवाज झाला. असे आठ-दहा वेळा. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते बांबूचे माप दाखवले. दारू मधल्या रेघेपर्यंतच भरली. बोळा दारूला नीट टेकेपर्यंत ठासला. "मधे पोकळी ठेवायची नाही, नळी फाटते," हे मला दोनदा बजावले. छर्रे मूठभर नव्हे, चिमूटभर घातले. समोर एक जुने सूप उभे करून त्यावर कोळशाने वाटोळे काढले. दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट बसवला आणि स्वतःचा तळवा माझ्या पाठीला लावून ते मागे उभे राहिले.

"खांदा नाही म्हणाला की डोळा मिटतो," ते म्हणाले. "आधी खांद्याला हो म्हणू दे."

बार निघाला. धक्का बसला, पण तो कोणी खांद्यावर हात ठेवावा तसा. सुपाला सहा भोके पडली. वाटोळ्यात त्यांतले एकच होते. माझे डोळे मिटले की उघडे राहिले ते मला कळले नाही. पण मी उभा होतो.

ती रेघ त्यांनी माझ्या आईसाठी कोरली होती, असे आजीने मागाहून सांगितले. आईनेही कधी काळी बंदूक चालवली होती, हे मला तेव्हाच कळले.

सुटी संपली. पुढच्या दिवाळीला आबा नव्हते. अर्ध्या मापावरून पुऱ्या मापाकडे मला नेणारे कोणी उरले नाही. माझे शिक्षण रेघेपाशीच थांबले.

डोळा मिटण्याची ती खोड कॉलेजात राष्ट्रीय छात्रसेनेत पुन्हा उघडकीला आली. तिथे पॉइंट टू टूची रायफल होती. तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. त्या काळच्या लष्करी थ्री नॉट थ्रीची गोळी अकरा ग्रॅमच्या वर, आणि वेगही दुपटीहून अधिक. गोळी जितक्या जोराने पुढे जाते तितक्याच जोराने बंदूक मागे येते, हा न्यूटनचा हिशेब आहे. पॉइंट टू टूत तो हिशेब इतका हलका की पोरासोरांनाही झेपावा. तरी माझ्या गोळ्या खाली, मातीत जात. आमच्या सुभेदारांनी एक युक्ती केली. मला न सांगता त्यांनी एकदा गोळीऐवजी वापरलेली पुंगळी आत सारली. मी चाप ओढला. आवाज झाला नाही, धक्का बसला नाही, पण नळीचे तोंड मात्र गपकन खाली गेले. सुभेदार म्हणाले, "बंदूक नहीं हिली बेटा, तू हिला."

इतकी वर्षे मी न बसलेल्या धक्क्याला दबून होतो.

इथवर ही गोष्ट माझ्या एकट्याची असती तर लिहिलीही नसती. पण धक्का खाल्लेला माणूस धक्का द्यायला शिकत नाही, असे थोडेच आहे? माझा मुलगा आठ वर्षांचा असताना त्याच ओवळ्याच्या विहिरीवर मी त्याला पोहायला शिकवायला नेले. पाठीला डबा बांधून, दोरी धरून, पायरीपायरीने पाण्यात उतरवायची आपल्याकडची जुनी रीत आहे. मला उशीर होत होता. मी डबा बांधला नाही. त्याला उचलून विहिरीत टाकले आणि मागून स्वतः उडी मारली. दोन क्षणांत त्याला वर काढले. काठावर उभा राहून मी जे वाक्य बोललो ते धाकट्या मामाचे होते. मुलगा आज पंचेचाळीस वर्षांचा आहे. समुद्रावर गेलो की तो सगळ्यांच्या चपला राखीत वाळूवर बसतो.

आता त्याची मुलगी अकरा वर्षांची आहे. 1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत 451.4 गुण मिळवून कांस्यपदक घेतले. ते तिने घरी बसून पाहिले. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने नेम धरणारा तो रेल्वेतला तिकीट तपासनीस तिच्या मनात भरला. मग तिने अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत अशी सगळी नावे शोधून काढली आणि जेवताना जाहीर केले, "या सगळ्या आपल्याकडच्याच आहेत. मलाही शिकायचंय." सूनबाई म्हणाल्या, "बंदूक कशाला गं हातात?" मुलगा काही बोलला नाही. रात्री मात्र माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही बरोबर जा. पण शिकवू नका."

घोडबंदर रस्त्यावरच एका इमारतीच्या तळघरात दहा मीटरची रेंज आहे. पूर्वीच्या लोकांचा 'चांदमारी' हा शब्द मला फार आवडतो. या तळघरात मात्र चांद फार लहान आहे. एअर रायफलच्या निशाणावरच्या दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, लेखणी नुसती टेकवावी एवढा. तिथे दारू नाही, धूर नाही. नळीखालच्या नळकांड्यात दाबून भरलेली हवा असते, आणि शिशाची जी गोळी उडते तिचे वजन अर्धा ग्रॅम. जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या बंदुकीत स्प्रिंग असते, तिला थोडा हिसका असतो. हिला तोही जवळजवळ नाही. मला वाटले, आबांच्या त्या कोरलेल्या रेघेच्याही खाली कोणी दुसरी रेघ कोरली आहे.

शिकवणारी मुलगी पंचविशीची. पहिल्या दिवशी तिने गोळी दिलीच नाही. रायफल टेकणीवर ठेवून दिली, दस्ता नातीच्या मापाचा करून घेतला. नळी सदैव निशाणाकडे, सांगेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि काम संपले की नळीत रंगीत दोरा घालून रिकामी असल्याची खूण ठेवायची, एवढे तीन नियम शिकवले. मग नुसता चाप ओढायचा, शंभर वेळा. दुसऱ्या दिवशी गोळी दिली, पण समोर कोरा पांढरा पुठ्ठा. ठिपका नाही, वर्तुळे नाहीत, गुण नाहीत. "आधी सगळ्या गोळ्या एकमेकींजवळ येऊ देत," ती म्हणाली. "नेम मग बघू." नातीची पाच भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. तिचा डोळा शेवटपर्यंत उघडा होता. मी तोच पाहत होतो.

आबांचे नाव या मुलीने कुठून ऐकले असणार? पण तीच शाळा होती. आधी रिकामे, मग अर्धे, मग पुरे.

काही जणांना वाटेल की घरीच दारूचे माप कमी करून पोराला शिकवणे केवढे सोपे! ती सोय आता नाही आणि नसलेलीच बरी. काळ्या दारूचा स्वभाव सोसाळू होता. आजच्या काडतुसांतल्या बिनधुराच्या दारूचे माप मनाने कमीजास्त करणे जिवावर बेतू शकते. 1959 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्याला मनाईच आहे. डुकरांवरही 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर कोणी आपल्या मर्जीने बार काढू शकत नाही. मामाने ती बंदूक कधीच पोलिसांत जमा केली. बांबूचे माप त्याच्या म्हाताऱ्या हातून कुठे हरवले ते त्यालाही सांगता आले नाही.

महिन्याभराने एका रविवारी मुलगा आम्हाला न्यायला आला. शिकवणारी मुलगी मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही एकदा बघा ना." मी बसलो. रायफल टेकणीवर होती, निशाण दहा मीटरवर होते, धक्का बसणार नाही हे मला पक्के ठाऊक होते. चाप ओढला. टक् झाले. नात लगेच म्हणाली, "आजोबा, तुम्ही डोळे मिटलेत!"

मुलगा मागे भिंतीशी उभा होता. तो हसला नाही. पुढे आला आणि त्याने माझ्या पाठीवर तळवा ठेवला. आबांची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. "नुसता चाप ओढा आधी," तो म्हणाला. "गोळी नको." मी नुसता चाप ओढत राहिलो. दहा वेळा, पंधरा वेळा. कितव्या वेळेला डोळा उघडा राहिला ते नातीने मोजले. एकोणिसाव्या.

परतताना कासारवडवलीच्या सिग्नलला गाड्यांची रांग लागली होती. नात मागच्या बाकावर झोपली होती. मी म्हणालो, "विहिरीवर तुला डबा बांधायला हवा होता."

तो समोर पाहत होता. सिग्नल सुटला. त्याने गाडी पुढे घेतली, मग म्हणाला, "हो, बांधायला हवा होता."

त्यापुढे आम्ही दोघेही बोललो नाही. एका दिवसाला तेवढे माप पुरेसे होते.