नानांची बीएसए

निवृत्त माणसाला एखादा नाद लागावा, अशी घरच्या मंडळींची मनापासून इच्छा असते. फक्त तो नाद आवाज करणारा, वास येणारा आणि अंगणभर पसरणारा नसावा, एवढीच त्यांची अट असते. माझ्या नादात हे तिन्ही गुण होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या एका सहकाऱ्याने गुलाब लावले, दुसरा ज्ञानेश्वरीच्या वर्गाला जाऊ लागला, आणि मी पडवीतल्या पत्र्याखालून नानांची मोटारसायकल बाहेर काढली.

आमचे घर जळगावात, मेहरूणला. बाहेरगावच्या लोकांना मेहरूण माहीत असते ते बोरांमुळे, फार तर तलावामुळे. आमचे नाना जिनात फिटर होते. 1964 साली त्यांनी लष्कराने मोडीत काढलेली एक बीएसए एम-20 घेतली. घर भाड्याचे, पदरात दोन मुले, आणि दारात ही पाचशे सीसीची इंग्रजी म्हैस! आजीने म्हणे दोन दिवस अबोला धरला होता.

बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. कंपनी 1861 सालची आणि मूळ धंदा बंदुकांचा. म्हणून तर तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवलेल्या तीन रायफली असत. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्याने सुमारे सव्वा लाख एम-20 लष्कराला दिल्या. 1940 च्या नोव्हेंबरात कारखान्यावर जर्मन बाँब पडले, कामगार मेले, तरी गाड्या निघतच राहिल्या. गाडी मंद आणि जड, पण कुठेही चालणारी. पुढे 1970 नंतर कंपनीच बुडाली. तिचे नाव 2016 साली एका भारतीय कंपनीने विकत घेतले, हे ऐकायला नाना हवे होते. ते 2009 सालीच गेले, आणि गाडी तर त्याच्याही आधी पंचवीस वर्षे उभी होती.

वाचकहो, तुमच्या घरी पान्यांचा संच असेल, तर तो मिलिमीटरचा असणार. चौदाचा पाना म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंत चौदा मिलिमीटर अंतर, हिशेब सोपा. इंग्रजांचा हिशेब निराळा. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या गृहस्थांनी 1841 साली आट्यांचे माप ठरवून दिले. त्यांच्या पान्यावर आकडा असतो तो बोल्टच्या जाडीचा, नटाच्या रुंदीचा नव्हे! आट्यांचा कोनही 55 अंशांचा, मिलिमीटरवाल्यांचा 60. त्यामुळे बाजारातला जवळपासचा बोल्ट दोन फेरे गोडीने आत जातो आणि तिसऱ्या फेऱ्याला दोघांचेही आटे खाऊन टाकतो. शिवाय सायकलींच्या धंद्यातून आलेले, इंचाला 26 फेऱ्यांचे बारीक आटे वेगळेच. सुदैवाने जिनातली यंत्रेही त्या काळी विलायतीच असत, त्यामुळे नानांच्या पेटीत तसले पाने होते. गंजलेले सुटे भाग धुवायला पूर्वी रॉकेल वापरीत. ते आता मिळत नाही. मी डिझेल वापरले. चार महिने घरातल्या वरणालाही डिझेलचा वास येतो, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे होते.

खरा छळ केला मॅग्नेटोने. हे यंत्र ठिणगीपुरती वीज स्वतःच तयार करते, त्याला बॅटरी लागत नाही. पण त्याच्या आतल्या वेटोळ्यावर त्या काळी लाखेचा लेप देत. बर्मिंगहॅमच्या हवेत लाख टिकत असेल. जळगावचा वैशाख, 45 अंशांचा पारा आणि वर तापलेला पत्रा! लाख मऊ होऊन ओघळली आणि सगळे आतल्या आत चिकटून बसले. विहिरीच्या मोटारींचे वाइंडिंग करणाऱ्या एका कारागिराने केसासारखी तार घेऊन ते पुन्हा भरले. पहिल्या खेपेस तार तुटली, दुसऱ्या खेपेस जमले. पैसे सांगताना तो म्हणाला, "भाऊ, पुन्हा आणू नका."

इंजिन उघडले तेव्हा मात्र माझ्या कामाला वेगळेच वळण लागले. पिस्टनच्या पिनेभोवतीचे बुश बर्मिंगहॅमचे नव्हते. नानांनी जिनातल्या एका मोडक्या बेअरिंगच्या धातूतून ते लेथवर काढले होते. गिअरचे पायडल ट्रकच्या कमानीची पट्टी तापवून ठोकलेले. मागच्या बैठकीचे कातडे म्हणजे जिनचा जुना पट्टा. आमच्या मिस्त्रींनी मायक्रोमीटर लावून ते बुश तीनदा मोजले, डोळ्यांशी धरले आणि न बोलता परत जागेवर ठेवले. मिस्त्री कुणाच्या कामाची स्तुती करीत नाहीत, हे त्यांना ओळखणाऱ्यांना माहीत आहे.

याच सुमारास पुण्याहून दादाचा फोन आला. त्याला तिथे एक शौकीन गृहस्थ भेटले होते. ते चांगली किंमत द्यायला तयार होते. अट एकच, गाडी पूर्ण 'ओरिजिनल' हवी. इंग्लंडहून सुटे भाग मागवावेत, गावठी काम सगळे काढून टाकावे. दादाचे म्हणणे चुकीचे नव्हते. घराचे छप्पर गळत होते, आईच्या औषधांचा खर्च होता, आणि गाडी काही कुणी रोज चालवणार नव्हते. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी नियम केले. त्यांतही वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, चासी-इंजिनात मोठे फेरफार नसावेत, असे म्हटले आहे. म्हणजे कायद्यालाही मूळ स्वरूप प्यारे.

पण मूळ कोणते? ही गाडी बर्मिंगहॅमला राहिली असेल चार दिवस, लष्करात काही वर्षे, आणि आमच्याकडे साठ. ज्या पायडलवर वीस वर्षे नानांचा उजवा पाय होता ते भंगारात टाकायचे, आणि परवा कुठल्याशा कारखान्यात ओतलेले ओरिजिनल म्हणून बसवायचे, हे माझ्या गळी उतरेना. मी ते भाग ठेवले. गृहस्थांनी किंमत जवळजवळ निम्म्यावर आणली आणि दादाने तीन आठवडे फोन केला नाही.

दिवाळीला तो आला तो मात्र सरळ पडवीतच गेला. गाडी अजून एकदाही सुरू झाली नव्हती. मी तोटी उघडली, कार्बोरेटरची टिकली दाबून पेट्रोल भरू दिले, झडप उचलण्याची कडी दाबून पिस्टन जागेवर आणला आणि किक मारली. काही नाही. दहा किकांनंतर दादा म्हणाला, "सर, मी बघतो." त्याने मारली, आणि गाडीने उलटी अशी काही लाथ दिली की तो अंगणातल्या रांगोळीवर जाऊन बसला.

आई ओट्यावर खुर्चीत बसून पाहत होती. तिचे वय चौऱ्याऐंशी. तिचे माहेर धुळ्याचे. एरंडोल, पारोळा करीत मागच्या चाकाला स्प्रिंग नसलेल्या या गाडीवर ती किती वेळा तिथे गेली असेल! हँडलला तिने जन्मात हात लावला नव्हता. पण दर वेळी गाडी सुरू होईपर्यंत ती पदर खोचून शेजारी उभी राहिलेली होती.

"डाव्या हाताचा कान मागं घे," ती म्हणाली. "पुरा नको. तुझे नाना निम्मा घ्यायचे."

तो कान म्हणजे ठिणगी पुढेमागे करणारी दांडी. दादाने ती निम्मी मागे घेतली. दुसऱ्या किकेला गाडी फुरफुरली, थांबली, तिसरीला धरली. दग्, दग्, दग्... पडवीचा पत्रा थरथरू लागला. शेजारची मंडळी फटाके सोडून कुंपणापाशी आली.

आई बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "त्या वेळी एवढी खडखडत नव्हती."

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी येऊन झडपांचे अंतर लावून दिले.

छप्पर आम्ही दोघांनी निम्मे निम्मे घालून केले. पुण्याच्या गृहस्थांना दादानेच नाही म्हणून कळवले. काय सांगितले ते मी विचारले नाही. गेल्या महिन्यात त्याने तिकडून गाडीवर घालायला एक आच्छादन पाठवले. ते मोटारीच्या मापाचे आहे. बीएसएवर दुहेरी घातले, तरी जमिनीवर लोळते.