चादरीवरचा मोर आणि फोटोंचा तक्ता

सोलापुरी चादर मराठी माणसाच्या आयुष्यात फार लवकर शिरते. शाळेच्या सहलीची वळकटी, वसतिगृहातली कॉट, लग्नातला आहेर, पुढे दवाखान्यात सोबतीला राहणाऱ्याचं अंथरूण. ती सगळीकडे असते, म्हणून तिच्याकडे कोणी निरखून बघत नाही. बघितलं तर दिसेल, की तिच्यावरच्या मोराची मान गोल वळत नाही, पायरीपायरीने वळते. विणण्याआधी तो चौकटींच्या कागदावर उतरलेला असतो. ढोबळमानाने सांगायचं तर कागदावरचा उभा रकाना म्हणजे ताणा आणि आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. त्या ओळीचं कार्ड पंच होतं. भोक असेल तिथे हूक उचलला जातो, नसेल तिथे धागा खालीच राहतो. जोसेफ मारी जॅकार्डने ही युक्ती 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये पक्की केली; सोलापुरात ती तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हाती पडली. चित्राचा तक्ता करणं या गावाला जुनंच आहे. आज तेच काम पायथन या संगणकभाषेच्या दहा-बारा ओळींत होत असलं, तरी त्याची शिस्त मागावरूनच घ्यावी असं माझं मत आहे.

समजा, एखाद्या कारखान्याने जुन्या चादरींचे फोटो एका फोल्डरमध्ये जमवले आणि नक्षी ओळखायला संगणकाला शिकवायचं ठरवलं. कोड प्रत्येक फोटो ठरावीक मापाचा करतो, प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा 0 ते 255 मधल्या आकड्यात वाचतो आणि ते आकडे एकापुढे एक मांडतो. एक फोटो, एक ओळ; नक्षीचं नाव शेवटच्या रकान्यात. हस्तलिखित अंकांचा ‘एमनिस्ट’ हा प्रसिद्ध संच असाच आहे: 70,000 चित्रं, प्रत्येक 28 गुणिले 28, म्हणजे ओळीला 784 रकाने. (128 गुणिले 128 चं करडं चित्र घेतलं तर 16,384 रकाने होतात. एक्सेलची मर्यादा नेमकी तेवढीच, नक्षीचं नाव लिहायला जागाच उरत नाही!) इथवर सगळं सुरळीत दिसतं. पण लांबट चादर चौरसात कोंबली की मोर चेपतो. फोनने फोटो आडवा साठवून ‘दाखवताना उभा कर’ अशी नोंद सोबत ठेवलेली असते. कोडने ती वाचली नाही तर मोर कुशीवर झोपतो. फायली नावाने लावल्या तर 10 क्रमांकाची 2 च्या आधी येते आणि वेगळ्या यादीतून चिकटवलेली नावं भलत्याच चादरींना लागतात. कोड कुरकुर करत नाही, तक्ता भरलेला दिसतो. जॅकार्डची कार्डं मात्र क्रमाने दोरीत ओवलेली असतात; एखादं मागेपुढे झालं की चूक कापडावर उमटते.

यावर कोणी म्हणेल, तक्ता यंत्रासाठी आहे, माणसाला तो दिसायची गरज काय? गरज आहे, कारण यंत्र चेपलेला मोरही तितक्याच निष्ठेने शिकतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आजची न्यूरल जाळी चित्र चौकटीतच वाचतात, त्याची एक लांब ओळ करायची गरजच नाही. हे मान्य. सगळे ठिपके एका ओळीत मांडले की वरखालचे शेजारी दूर जातात, आणि नक्षी तर शेजाराचीच असते. म्हणून थोडेच फोटो असतील तर सरासरी रंग, काठाची रुंदी, नक्षी किती अंतराने परत येते, असे निवडक रकाने केलेले बरे. पण काय मोजायचं आणि काय सोडायचं, हा निर्णय चौकटींवर मोर उतरवणारा डिझायनरही घेतोच. कोड तो आपल्या वतीने घेणार नाही.

लियाँमध्ये 1839 साली खुद्द जॅकार्डचं चित्र रेशमात विणलं गेलं, सुमारे 24,000 कार्डं लावून. गणनयंत्रांचे आराखडे करणारा चार्ल्स बॅबेज त्याची एक प्रत पाहुण्यांना दाखवत असे. कार्डांमधून चेहरा परत उभा राहिला, म्हणजे कार्डं बरोबर होती. त्या तक्त्याला दुसरा दाखला लागला नाही. तुम्ही फोटोंचा तक्ता कराल तेव्हा मूळ फोल्डर पुसण्याआधी त्यातल्या काही ओळी परत चित्रात उलगडा, नावासकट पडद्यावर आणा आणि मोर सरळ उभा आहे का ते डोळ्यांनी बघा.