संमतिपत्रें

गेल्या महिन्यांत वर्गाचें जुनें कपाट आवरतांना तळाशीं दोऱ्यानें बांधलेला कागदांचा एक गठ्ठा सांपडला. कडेला पिवळे पडूं लागलेले ते अर्ध्या तावाचे कागद म्हणजे सन २०२१ च्या सप्टेंबरांत पालकांकडून भरून घेतलेलीं संमतिपत्रें होत. "माझ्या पाल्यास शाळेंत पाठविण्यास माझी संमति आहे / नाहीं" एवढेंच वाक्य. खालीं पाल्याचें नांव, इयत्ता व पालकाची सही. नको असेल तो शब्द खोडावयाचा. रद्दींत टाकावे म्हणून ते कागद बाजूस ठेविले, आणि मग अर्धा तास तेच वाचीत बसलों. त्या वेळीं प्राथमिक वर्गांत असलेलीं मुलें आज आमच्या हायस्कुलांत आलीं आहेत. त्यांस त्या दिवसांची आठवण पुसट असेल. त्यांच्या आईबापांस ती पुसट नसावी. दोघांच्याहि करितां, त्या गठ्ठ्यामागील एका सभेची हकीकत येथें लिहून ठेवीत आहें.

मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाली, तेव्हां विद्यार्थ्यांस आनंद झाला हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आम्हां शिक्षकांपैकींहि कांहींस तो झाला होता. जूनमध्यें सारें पूर्ववत् होईल असें आम्ही धरून चाललों होतों. जून आला, घंटा वाजली नाहीं. त्याऐवजीं मोबाईलच्या वीतभर पडद्यावर वर्ग भरूं लागले. माझ्या चौपन्न मुलांच्या वर्गांत पहिल्या आठवड्यांत एकेचाळीस नांवें दिसलीं, दिवाळीपर्यंत सव्वीस. उरलेल्यांच्या पुढें मीं हजेरीपटांत गैरहजेरीच्या रेघा मारीत गेलों. त्या रेघा मारतांना माझा हात एकदांहि अडखळला नाहीं, हें आज लिहितांना लाज वाटते.

पुढें २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसरी लाट आली. पुण्यांत त्या दिवसांत रुग्णालयांत खाट आणि प्राणवायूचें सिलिंडर यांच्यासाठीं माणसें रात्ररात्र धांवत होतीं. आमचे चित्रकलेचे शिक्षक त्या लाटेंत गेले. त्यांचें शेवटचें दर्शनहि आम्हांस घेतां आलें नाहीं. ठरल्या वेळीं प्रत्येकानें आपापल्या घरीं उभें राहून प्रार्थना म्हटली, एवढेंच.

अशा स्थितींत सप्टेंबरच्या अखेरीस शासनाचा निर्णय आला. शहरांत आठवी ते बारावी व खेड्यांत पांचवी ते बारावी हे वर्ग ४ ऑक्टोबरपासून भरवावे. मात्र हजेरीची सक्ति नसावी व पालकांची संमति असावी. निर्णय वाचला तितका सरळ नव्हता. उघडावयाचें कीं नाहीं हें शासनानें ठरविलें. पाठवावयाचें कीं नाहीं हें एकेका आईबापानें एकेका कागदावर ठरवावयाचें होतें. म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनीं रविवारीं पालक-शिक्षकांची सभा बोलाविली.

सभागृहाच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. दोन खुर्च्यांमध्यें एक खुर्ची रिकामी ठेविली होती. सर्वांच्या तोंडावर मास्क असल्यामुळें कोण बोलत आहे हें कळण्यासच थोडा वेळ लागे. प्रार्थनेनें आरंभ झाला, आणि "आमेन" चा आवाज विरतो न विरतो तोंच एक व्यापारी गृहस्थ उभे राहिले. "बाजार उघडा, दुकानें उघडीं, गाड्या चालू, शाळेंतच तेवढा रोग बसला आहे काय?" पुष्कळांनीं माना डोलविल्या.

त्यांना उत्तर आलें तें खुर्चींत बसूनच. ज्यांची पत्नी त्या वैशाखांत वारली होती, असे एक गृहस्थ हळू आवाजांत म्हणाले, "बाजारांत मी जातो, परत येतो, हात धुतो. माझी मुलगी शाळेतून येईल आणि सवयीनं आजीच्या मांडीवर डोकं ठेवील. आई गेल्यापासून ती तेवढंच करते. ठेवू नको, असं मी तिला कोणत्या तोंडानं सांगू?" यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. मुलांस हा रोग सहसा सौम्य होतो, हें तोंपर्यंत बहुतेकांस ठाऊक झालें होतें. भीति मुलांची नव्हती. मूल घरीं कोणाकडे परत जातें, त्याची होती.

पालकांमध्यें एक डॉक्टर होते. त्यांनीं १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाची गोष्ट सांगितली. त्या साथींत एकट्या हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं. अमेरिकेंतील बहुतेक शहरांनीं शाळांस कुलपें लावलीं. न्यूयॉर्कनें लावलीं नाहींत. तेथील आरोग्याधिकारी डॉ. रॉयल कोपलंड व बालआरोग्य खात्याच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांनीं असा विचार केला कीं, शहराच्या सुमारें दहा लक्ष विद्यार्थ्यांपैकीं साडेसात लक्ष दाटीच्या, कोंदट चाळींत राहतात. शाळा बंद केली तर तीं मुलें घरांत बसणार नाहींत, रस्त्यावर हिंडतील. आणि आजारी पडलीं तर कोणास वेळेवर कळणारहि नाहीं. त्यापेक्षां हवेशीर खोलींत, जाणत्या माणसांच्या नजरेखालीं तीं बरीं. मग नियम केले. मुलांनीं फाटकाशीं घोळका न करतां थेट वर्गांत जावें. शिक्षकांनीं रोज सकाळीं प्रत्येक मूल पाहावें. संशय येईल तें वेगळें काढून वैद्यकीय तपासणीस पाठवावें. शिकागो व न्यू हेवन या शहरांनींहि आपल्या शाळा चालू ठेविल्या होत्या.

हें ऐकून व्यापारी गृहस्थ ताठ बसले. तोंच आमच्या विज्ञानाच्या बाईंनीं विचारलें, "डॉक्टरसाहेब, न्यूयॉर्कच्या त्या शाळांतून परिचारिका होत्या ना?"

"होत्या. साथीच्या कितीतरी वर्षं आधीपासून होत्या."

"आमच्याकडे ताप मोजण्याचं एक यंत्र आहे, बाई आणि शिपाई आहेत. खोलीला खिडक्या एकाच बाजूला आहेत."

डॉक्टर क्षणभर थांबले. वादांत जिंकण्याची हौस असलेला मनुष्य येथें कांहीं तरी चतुर बोलला असता, ते म्हणाले, "हाच फरक आहे. त्यांनी शाळा नुसत्या उघड्या ठेवल्या नाहीत, त्यांच्यावर पहारा ठेवला. शिवाय त्या साथीत तरुण माणसं फार मेली; या साथीत म्हातारी अधिक दगावतात. त्यांचं उत्तर उचलून आपल्या वहीत लिहिता येणार नाही."

त्यानंतर मी बोललों. शाळा इतक्यांत उघडूं नये, अशा मताचा मी होतों व तसें मीं सांगितलें. गेलेल्या सहकाऱ्याची आठवण करून दिली. बुडालेलें शिक्षण भरून काढतां येतें, गेलेला माणूस भरून काढतां येत नाहीं, असें म्हटलें. टाळ्या पडल्या. त्या मला आवडल्या, हेंहि कबूल केलें पाहिजे. मराठीच्या शिक्षकास बोलण्याचा सराव असतो, आणि त्या दिवशीं माझ्या शब्दांमागें खरें दुःखहि होतें; दोन्ही एकत्र आलीं म्हणजे ऐकणाऱ्यांचें मन वळतें.

टाळ्या थांबल्यावर शेवटच्या रांगेंतून एक बाई उठल्या. त्यांची भाजीची हातगाडी आहे. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गांत, एकतिसाव्या क्रमांकावर.

"सर, तुमचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "माणूस गेलं तर परत येत नाही. पण माझा पोरगा बी गेलाच की. जिता आहे, देवाची कृपा. पण तुमच्या वर्गातनं तो गेला. घरात मोबाईल एक, तो त्याच्या बापाकडं रिक्षात असतो. दीड वर्ष झालं, पोरगा माझ्यासंगं गाडीवर उभा आहे. पहाटे मार्केटयार्डात येतो, तराजू धरतो, हिशेब माझ्याहून चांगला करतो. दिवसाला शंभर गिऱ्हाईक त्याच्या तोंडापाशी येऊन बोलतंय. घरी बसून पोरं सुखरूप आहेत म्हणता, ते घर कुठलं, सर?"

त्या थांबल्या. मला वाटलें, संपलें. परंतु त्या पुढें म्हणाल्या, "आणखी सहा महिने थांबू म्हणता. थांबू. पण आता त्याच्या हातात पैसे खुळखुळतात. सहा महिन्यांनी तुम्ही घंटा वाजवाल. तो येईल का? तू का दिसत नाहीस, म्हणून त्याला कुणी विचारलं का?"

हा प्रश्न त्यांनीं माझ्याकडे पाहून विचारला नाहीं. पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

मुख्याध्यापकांनीं सभा लांबविली नाहीं. वर्ग ४ ऑक्टोबरपासून भरतील. अर्धीं मुलें एका दिवशीं, अर्धीं दुसऱ्या दिवशीं, तीन तासच. एका बाकावर एकच विद्यार्थी. घरीं राहणाऱ्यांसाठीं मोबाईलवरील पाठ चालू राहतील. आणि कोणाच्याहि नांवापुढें गैरहजेरी मांडली जाणार नाहीं. डॉक्टरांनीं आठवड्यांतून दोन सकाळीं येण्याचें कबूल केलें. बाईंच्या सांगण्यावरून खोल्यांच्या दुसऱ्या भिंतींवरील बंद झरोके उघडण्याचें ठरलें. न्यूयॉर्कच्या मानानें पहारा तुटपुंजा होता, परंतु तो आमच्या आटोक्यांतला होता.

संध्याकाळीं घरीं आलों तों तेंच संमतिपत्र माझ्याच टेबलावर होतें. माझी मुलगी त्या वर्षीं याच शाळेंत नववींत होती, आणि घरांत माझी शहात्तर वर्षांची आई, दम्याची. सभेंत मी ज्या आवेशानें बोललों त्याच्या मुळाशीं आईचा रात्रींचा खोकला होता, हें मला ठाऊक होतें. सभेंत मीं तें सांगितलें नव्हतें. भाजीवाल्या बाईंनीं मात्र आपलें घर सर्वांपुढें उघडें करून दाखविलें होतें.

मीं झालेलें सारें आईस सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग माझ्या पणजोबांची गोष्ट सांगूं लागली. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग वाढला तेव्हां घरचीं सर्व माणसें गांवाबाहेर माळावर झोपड्या घालून राहिलीं. पणजोबा दहा वर्षांचे होते. साथ ओसरल्यावर घर उघडलें, वखारहि उघडली, आणि हिशेबाला हात कमी म्हणून त्यांना वखारींत बसविलें. शाळा सुटली ती सुटलीच. "म्हातारपणी नातवंडांची पुस्तकं उलटीसुलटी करीत बसायचे, असं तुझे वडील सांगत," आई म्हणाली. "प्लेग त्यांच्या अंगाला शिवलासुद्धा नव्हता." मग उठून तिनें आपली वळकटी बाहेरच्या खोलींत नेली. "पोरीला सांग, आजी आता इथं झोपणार. लांबून बोलू आम्ही."

मीं "नाहीं" हा शब्द खोडला. वाचकांनीं मला धीट समजूं नये. मुलगी शाळेंतून आली कीं तिला दारांतूनच न्हाणीघरांत पिटाळण्याचा माझा क्रम दिवाळीपर्यंत चालू होता, आणि तिच्या प्रत्येक शिंकेला माझ्या छातींत धस्स होई.

४ ऑक्टोबर हा सोमवार होता. त्या दिवशीं माझ्या वर्गांत सतरा मुलें आलीं. एकतीस क्रमांकाचें संमतिपत्र आलें होतें; मुलगा आला नव्हता. गुरुवारीं मी मंडईकडे गेलों. तो कांदे तोलीत होता. "किती देऊ?" असें त्यानें विचारलें, आणि मग मास्कावरील डोळे ओळखून तराजू खालीं ठेवला. मीं त्याला म्हटलें, "तुझ्या नांवापुढं मी ज्या रेघा मारल्या, त्या मारण्याआधी तुझ्याकडे यायला हवं होतं." त्याला काय बोलावें तें सुचेना. शेवटीं म्हणाला, "सर, आता अक्षर येत नाही हाताला. आकडेच येतात."

दसऱ्यानंतरच्या आठवड्यांत तो आला. जानेवारी २०२२ मध्यें तिसऱ्या लाटेमुळें शाळा पुन्हां कांहीं आठवडे बंद झाली. या वेळीं सभा झाली नाहीं, व मीं वादहि घातला नाहीं. रविवारीं सकाळीं गाडीवर जाऊन त्याची वही तपासून येत असें. वहीस कोथिंबिरीचा वास येई. २०२३ सालीं तो दहावी उत्तीर्ण झाला. गुण सांगण्यासारखे नव्हते. गणितांतले मात्र होते. त्या वर्गाच्या पटावरील चौघे कधींच परत आले नाहींत. त्यांच्यापैकीं दोघांचीं संमतिपत्रें या गठ्ठ्यांत आहेत, आणि दोहोंतहि "नाहीं" हाच शब्द खोडलेला आहे.

गठ्ठ्यांत एक कागद असाहि निघाला कीं ज्यावर मुलीचें नांव आहे, इयत्ता आहे, खालीं स्वच्छ सही आहे, परंतु "आहे" आणि "नाहीं" यांपैकीं एकहि शब्द खोडलेला नाहीं. तो त्या वैशाखांत पत्नी गमावलेल्या गृहस्थांचा. कचेरींतील कारकुनानें तो मला परत पाठविला होता, भरून घ्या म्हणून. मीं तो तसाच ठेवून दिला. पांचव्या दिवशीं ते स्वतः मुलीला घेऊन आले. ती आंत गेली. ते रस्त्याच्या पलीकडे चिंचेखालीं उभे राहिले, आणि साडेबारांची घंटा होईपर्यंत तेथून हालले नाहींत. दुसऱ्या पाळीसहि ते असेच उभे होते. तिसऱ्या पाळीस आमच्या शिपायानें, कोणीं न सांगतां, त्यांच्यासाठीं एक खुर्ची चिंचेखालीं नेऊन ठेविली.